पिकावरील मानवी रोगजंतू आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचे काम

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबांची मोठी साथ आली. त्या देशात ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५३ जण दगावले. कारण होते ई. कोलाय ओ१०४:एच४ हा जीवाणू. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पुढे तपास मोड आलेल्या धान्यांपर्यंत पोहोचला. जूनमध्ये फ्रान्समधील बोर्दोजवळही तोच जीवाणू सापडला. दोन्ही ठिकाणचा समान धागा होता, इजिप्तहून आलेले मेथीचे बी.

येथे प्रश्न असा पडतो, की आतड्यात राहणारा जीवाणू वनस्पतीवर टिकतो कसा? हे डॉक्टरांना रुग्णाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी वनस्पती समजून घ्यावी लागते.

१) पानाची दारे
पानावर पर्णरंध्रे असतात. वायूंची देवाणघेवाण त्यांतूनच होते. जीवाणूंची चाहूल लागताच वनस्पती ही रंध्रे मिटून घेते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. पण प्रकाशात रंध्रे उघडी असताना साल्मोनेला लेट्यूसच्या पानात शिरतो, असेही प्रयोगांत आढळले. एकदा आत गेलेला जीवाणू पाण्याने धुऊन निघत नाही.

२) फळातील दाब
आता थोडे गणित करू. टोमॅटो ३५ अंश सेल्सिअसला आहे आणि आपण तो २० अंशांच्या पाण्यात टाकला. आतील हवेचे आकारमान स्थिर धरले, तर दाब २९३/३०८ पट, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांनी कमी होईल. हा फरक साधारण अर्धा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. त्यामुळे देठाच्या खुणेतून पाणी आत ओढले जाते आणि पाणी दूषित असेल तर जीवाणूही आत जातात. म्हणून टोमॅटो धुण्याचे पाणी गरापेक्षा सुमारे ५ अंश अधिक गरम ठेवावे व निर्जंतुक असावे, अशी शिफारस केली जाते.

३) मोड
मोड येण्यासाठी ओल आणि ऊब लागते. जीवाणूलाही तेच हवे असते. समजा, बियाण्याच्या भेगेत एकच जीवाणू आहे आणि तो दर तासाला दुप्पट होतो. मग २४ तासांत २ चा २४ वा घात, म्हणजे सुमारे १.६८ कोटी जीवाणू तयार होतील. आपल्याकडे मोडांची उसळ शिजवतात, तेव्हा ते मरतात. कच्चे मोड खाल्ले तर हे संरक्षण मिळत नाही.

मग वनस्पतिशास्त्रज्ञ काय करू शकतात?
• जीवाणूंना सहज शिरू न देणारे वाण शोधणे.
• बियाणे निर्जंतुक करावे, पण त्याची उगवण घटू नये, अशी प्रक्रिया ठरवणे.
• पिकाचे रोग आटोक्यात ठेवणे. मऊ कूज झालेल्या भाज्यांवर साल्मोनेला अधिक प्रमाणात आढळतो, म्हणजे निरोगी पीक खाणाऱ्यालाही अधिक सुरक्षित.
• सिंचनाचे पाणी, कच्चे शेणखत आणि जनावरांचा वावर यांतून पिकावर जीवाणू कसे येतात, हे शेतातच तपासणे.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. करपा पडला की पानावर डाग दिसतो, ई. कोलाय असलेले पान हिरवेगार, टवटवीतच दिसते. त्यामुळे पिकाचे रोग पाहणारा आणि माणसाचे रोग पाहणारा, दोघांच्याही नजरेतून हा धोका सुटतो. या दोन शाखांनी एकत्र काम करणे म्हणूनच आवश्यक आहे.

स्वाध्याय: टोमॅटो ४० अंशांना आणि पाणी १५ अंशांना असल्यास दाबातील घट किती टक्के होईल? ती किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी असेल?