मदतीची फौज व तिचे कागद

परराज्यांत फौज नेणारी सत्ता ‘आम्ही चाल करून आलों’ असें सहसा लिहीत नाहीं. ‘आम्हांस बोलावलें’ असें लिहिते. हें बोलावणें कागदावर असतें, आणि कागद पारखणें हें संशोधकाचें कामच आहे. म्हणून आफ्रिकेंतील अशा प्रसंगांचा विचार करण्यापूर्वीं आम्ही वाचकांस पैनगंगेच्या खोऱ्यांत, फुलसावंगीच्या मुलखांत नेतों.

इ. स. १८०० च्या तहांत निजामानें तैनाती फौजेखेरीज युद्धप्रसंगीं आपलें ६००० पायदळ व ९००० घोडदळ देण्याचें कबूल केलें होतें. पुढें रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं निजामाच्या खर्चानें निराळ्या पलटणी उभ्या राहिल्या. त्याच हैदराबाद काँटिंजंट या नांवानें प्रसिद्ध झाल्या. मुलखांत शांतता राखणें हें त्यांचें सांगितलेलें कारण. याच भागांतील बंडाचा पुढारी नौसाजी नाईक याचा नाव्हा येथील किल्ला त्यांनीं १८१९ च्या जानेवारींत घेतला. बंड मोडलें, फौज मात्र राहिली. तिचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यांत आलें, व १९०२ सालीं तें वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें गेलें. तहाचा कागद खरा, शिक्केही खरे. परंतु युद्धापुरतें जें कलम, त्याच्या आधारें शांततेंतली फौज पोसली गेली.

आतां आफ्रिकेकडे वळूं. फ्रान्सनें १९६० च्या सुमारास आपल्या वसाहतींस स्वातंत्र्य देतांना त्यांपैकीं अनेकांशीं संरक्षणाचे करार केले. १९६४ च्या फेब्रुवारींत गाबाँ येथें लष्करी बंडवाल्यांनीं अध्यक्ष लेओं म्बा यांस कैद केलें. फ्रेंच फौजेनें त्यांस पुन्हां अधिकारावर बसविलें व कराराकडे बोट दाखविलें. परंतु मदतीस तेथील सरकारची मागणी हवी, आणि अध्यक्ष तर कैदेंत! तेव्हां उपाध्यक्षांच्या सहीसाठीं मागील तारखेचें पत्र तयार करण्यांत आलें, असें पुढें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांवरून दिसतें.

प्रत्येक मागणी अशीच असते असें नव्हे. २०१३ च्या जानेवारींत माली देशाच्या हंगामी अध्यक्षांनीं उत्तरेकडून चालून येणाऱ्या सशस्त्र जिहादी टोळ्यांविरुद्ध फ्रान्सची मदत खरोखर मागितली होती, आणि लोकांनीं फ्रेंच सैनिकांचें स्वागतही केलें. मात्र तातडीच्या मदतीस आलेली ती फौज नऊ वर्षें राहिली. तेथें पुन्हां लष्करी बंडें होऊन नव्या राज्यकर्त्यांशीं बिघाड झाल्यावर २०२२ च्या ऑगस्टांत ती निघाली.

तात्पर्य, सनदेस लावतों तीच कसोटी या कागदांस लावावी. मागणाऱ्यास अधिकार होता काय? मिती खरी काय? कलम कोणत्या प्रसंगापुरतें आहे? खर्च कोणाच्या माथीं, आणि फौज निघण्याची मुदत लिहिली आहे काय? गाबाँचा कागद मितीच्या प्रश्नापाशीं अडतो; वऱ्हाडचा त्यापुढील प्रश्नांपाशीं. आणि ज्या रयतेच्या मुलखांत फौज उतरली, तिची संमति यांपैकीं कोठेंही विचारलेली नाहीं.