सभासंचालनाचे नियम आणि ठरावाची भाषा

सभाशास्त्र हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. परंतु सभेतील प्रत्येक कृती शब्दांच्या द्वारेच घडत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकानेही तिकडे लक्ष पुरविणे अप्रस्तुत ठरू नये. विभागीय मंडळे, विद्यार्थिसंस्था, सहकारी सोसायट्या यांच्या बैठकांत आपणांपैकी अनेकांना भाग घ्यावा लागतो. तेथील नियमांमागील तत्त्व विशद करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संसदीय प्रथांतील नियम सामान्य संस्थांना उपयोगी पडतील अशा रीतीने संकलित करण्याचे श्रेय मुख्यतः हेन्री मार्टिन रॉबर्ट यांना दिले जाते. ते अमेरिकन सैन्यात अभियंता होते. १८६३ साली न्यू बेडफर्ड येथील चर्चच्या एका सभेचे अध्यक्षपद अकस्मात त्यांच्याकडे आले आणि सभा गोंधळात बुडाली. पुढे अभ्यास करून त्यांनी १८७६ साली आपले नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक मूलभूत नियम असा की, सभेपुढे एका वेळी एकच प्रश्न असावा, आणि तो निश्चित शब्दांत असावा.

‘निश्चित शब्दांत’ या अटीचे महत्त्व भाषेच्या दृष्टीने ध्यानात येते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी असा ठराव मांडतो की…’ हे वाक्य त्याच जातीचे होय. मात्र ते सफल होण्यास बोलणारा सभासद असणे, गणपूर्ती झालेली असणे, अध्यक्षांनी त्यास बोलण्याची अनुज्ञा दिलेली असणे इत्यादी अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. याउलट, ‘याचा काही विचार व्हावा असे वाटते’ हे केवळ मतप्रदर्शन होय. त्यावर तासभर चर्चा झाली तरी सभेपुढे निर्णयार्थ काहीच आलेले नसते.

‘अनुमोदन’ हा शब्दही विचारात घेण्यासारखा आहे. शब्दार्थाने त्यात संमती अभिप्रेत आहे. रॉबर्ट यांच्या पद्धतीत मात्र अनुमोदकाने ठरावाशी सहमत असावेच असे नाही. प्रश्न विचारार्थ घ्यावा असे आणखी एका सभासदास वाटते, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद जाणला म्हणजे न पटणाऱ्या सूचनेलाही चर्चेची संधी देणे शक्य होते.

मूळ ठरावाआधी उपसूचनेवर मत का घ्यावयाचे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ‘विभागाचे ग्रंथालय रविवारी उघडे ठेवावे’ असा ठराव एकवीस सभासदांपुढे आहे. आठजणांना ते दर रविवारी उघडे हवे, सहाजणांना केवळ परीक्षाकाळातील रविवारी हवे आणि सातजणांना मुळीच नको. मूळ ठरावावरच मत घेतल्यास तो आठ विरुद्ध तेरा असा फेटाळला जाईल. परंतु ‘परीक्षाकाळात’ हा शब्द घालण्याची उपसूचना प्रथम मतास टाकल्यास सहाजण तिला मते देतील. उरलेले सातजणही, ‘निदान एवढ्यावर निभावो’ म्हणून, देतील. ती तेरा मतांनी संमत होईल, आणि सुधारलेला ठराव आठ अधिक सहा अशा चौदा मतांनी स्वीकारला जाईल. सभासद तेच, त्यांच्या इच्छाही त्याच. केवळ क्रम बदलल्याने निर्णय उलटला. सातजणांनी डाव म्हणून उपसूचनेविरुद्ध मत दिले तर मात्र ती पडेल आणि मूळ ठरावही फेटाळला जाईल. नियमांनी असे डावपेच बंद होत नाहीत. परंतु ते सर्वांसमक्ष होतात.

मत विचारण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. ‘कोणाची हरकत नाही ना?’ या प्रश्नाची रचनाच अशी आहे की, त्यात नकार अपेक्षित धरलेला असतो, आणि मौन ही संमती ठरते. संकोची वा नवख्या सभासदाला अशा वेळी उभे राहून विरोध करणे कठीण जाते. म्हणून वादग्रस्त प्रश्नावर अध्यक्षाने ठराव वाचून दाखवावा, अनुकूल मते आधी व प्रतिकूल मते नंतर विचारावी, आणि दोहोंची संख्या इतिवृत्तात नोंदवावी.

‘बहुमत’ या शब्दाचाही अर्थ आधीच ठरलेला असावा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे संसदेतील प्रश्न सामान्यतः उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने सुटतात. अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत, समान मते पडल्यासच निर्णायक मत देतात. संविधान-दुरुस्तीसाठी मात्र अनुच्छेद ३६८ अन्वये प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत, असे दोन्ही लागते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांतील अंतर मतमोजणीनंतर ध्यानात आले, तर कलह अटळ होतो.

हे नियम वक्तृत्वसंपन्नांना फारसे लागत नाहीत. त्यांना आपले म्हणणे पुढे रेटता येते. ज्याचा आवाज लहान आहे, ज्याचे मत अल्पसंख्य आहे, त्याला ते लागतात. हरलेल्या पक्षाला आपले म्हणणे ऐकले गेले आणि आपली मते मोजली गेली, एवढी खात्री वाटली, तरच तो निर्णय पाळतो आणि पुढच्या सभेला येतो. म्हणून आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीत, चर्चेस आरंभ होण्यापूर्वी, ठरावाचे नेमके शब्द वाचून दाखविण्याची विनंती प्रत्येक सभासदाने अवश्य करावी.