मजुरी फुकट, ऑइल महाग

"कोणतं टाकू, भाऊ?"

"तुम्हीच पाहा मिस्त्री. चांगलं टाका."

पांढुर्णा असो की सौंसर, गॅरेजात ऑइल बदलायच्या वेळी बहुतेक एवढंच बोलणं होतं. गाडीमालक चहा प्यायला जातो, मिस्त्री चेंबरचा नट उघडतो आणि पोऱ्या डबा आणायला माझ्याकडे येतो. मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. माझ्या एका बाजूला मिस्त्री असतो, दुसऱ्या बाजूला गाडीमालक. दोघंही आपल्या मनातलं मला सांगतात, एकमेकांना सांगत नाहीत.

आमच्याकडे गाडीला सुख नाही. पांढुर्णा नागपूर-बैतूल महामार्गावर आहे, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. सकाळी धुळीच्या पांदणीतून संत्र्याच्या बागेत गेलेली मोटारसायकल दुपारी महामार्गावर पळत असते. सौंसरहून छिंदवाड्याला जायचं तर मध्ये सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याची थंडी पहाटे हात गारठवते. अशा जागी ऑइलचा सल्ला चुकला, तर त्याची किंमत इंजिन मोजतं.

'वीस-पन्नास टाक, उन्हाळा आहे'

एका शिक्षकांची नवी मोटारसायकल होती. पुस्तिकेत दहा-तीस, म्हणजे १०डब्ल्यू-३० ऑइल लिहिलेलं. मिस्त्री म्हणाला, "सर, हे पाण्यासारखं पातळ आहे. आपल्याकडच्या गर्मीत नाही टिकत. वीस-पन्नास टाकू." सरांनी ऐकलं. दिवाळीनंतर ते काउंटरवर आले. "सकाळी गाडी सुरूच होत नाही, पिकअपही गेला. मिस्त्री म्हणतो कार्बुरेटर काढून पाहावा लागेल." मी पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर ठेवली. लिहिलेलं ऑइल परत टाकलं आणि कार्बुरेटरला हात न लावता गाडी ताळ्यावर आली.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, त्याचा जाडपणा किती उरतो ते सांगतो. नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात. जाड ऑइल थंडीच्या सकाळी वरच्या भागात उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतं. बाहेरच्या गर्मीचा हिशेब पुस्तिका लिहिणाऱ्यांनी आधीच केलेला असतो.

पण त्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या उस्तादाने हात शिकला तो राजदूत आणि चेतकवर. त्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आली आणि पुढे चार-स्ट्रोकच्या गाड्या गावोगाव पोचल्या. त्यांची इंजिनं झिजली, बोअर ढिले झाले, तेव्हा जाड ऑइलने आवाज दबायचा आणि धूरही कमी व्हायचा. त्या गाड्यांना तो सल्ला लागू पडत होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६च्या गाड्या आल्या, इंजिनं बदलली. सल्ला मात्र उस्तादाकडून चेल्याकडे तसाच येत राहिला, कारण नव्या गाडीची पुस्तिका मिस्त्रीच्या हातात कधी पडलीच नाही. ती मालकाच्या कपाटात असते.

घाटात घसरलेला क्लच

सौंसरकडचा एक तरुण आला तो थेट क्लच प्लेट मागायला. घाटात रेस दिली की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र चढायची नाही. मिस्त्रीने प्लेटांचा पूर्ण सेट लिहून दिला होता. गाडी जुनी नव्हती, म्हणून मी विचारलं, "ऑइल कोणतं टाकलं?" तो अभिमानाने म्हणाला, "कारवालं टाकलं, भाऊ. सगळ्यात महागाचं."

गोम तिथेच होती. कारचा क्लच सहसा इंजिनाच्या ऑइलबाहेर कोरडा चालतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती चांगली, पण बुडालेल्या क्लचला घर्षणच हवं असतं. म्हणून जपानी मानकसंस्थेने १९९८ पासून दुचाकीच्या ऑइलसाठी वेगळी खूण ठेवली. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असेल तर ते बुडालेल्या क्लचचं ऑइल. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं.

मी त्याला प्लेटा विकल्या असत्या, तर त्या कारच्याच ऑइलमध्ये पुन्हा घसरल्या असत्या. ऑइल बदललं आणि काही दिवस चालवल्यावर क्लच धरू लागला. प्लेटा जळलेल्या असत्या तर बदलाव्याच लागल्या असत्या, पण आधी स्वस्तातलं कारण तपासायचं, ही या धंद्यातली साधी नीती आहे.

गळणारा थेंब

सावरगावकडचे एक काका काळजीत होते. ऑइल बदलल्यापासून गाडीखाली रोज डाग पडत होता. दुसऱ्या गॅरेजात सांगितलं होतं, "सील गेलं, इंजिन उघडावं लागेल." संत्र्याचा बहार अजून विकायचा होता, हातात पैसा नव्हता.

चेंबरच्या नटाखाली एक वायसर असतो, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा. नट आवळला की तो दबून फट बंद करतो. एकदा दबलेला वायसर दुसऱ्या वेळी तितका नीट बसत नाही, म्हणून तो नवा टाकायचा असतो. तो काही रुपयांना मिळतो आणि घाईत तोच विसरला जातो. काकांचं काम तेवढ्यावर भागलं.

याहून वाईट प्रकारही पाहिला आहे. गळतं म्हणून शिकाऊ पोरगा पान्याला पाइप लावून नट आवळतो आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात. मग "पूर्ण चेंबर बदला" असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा आत नवे आटे बसवून किंवा एक माप मोठा नट लावून काम होतं. नागपूरला जायच्या आधी गावातल्या लेथवाल्याला एकदा विचारावं.

मिस्त्री खरा निघतो तेव्हा

ट्रॅक्टरवाले उलट तक्रार घेऊन येतात. "काल ऑइल टाकलं, आज काळं! डुप्लिकेट दिलं तुम्ही." मिस्त्री बिचारा शपथा घेतो आणि तो खरं बोलत असतो. डिझेलच्या इंजिनात काजळी होते. ती धरून ठेवणं आणि आत साचू न देणं हे ऑइलचंच काम. आत उरलेल्या थोड्या जुन्या ऑइलनेही नवं लगेच काळवंडतं. घाबरायचं ते ऑइल दुधट दिसलं तर, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. किंवा गेजवर पातळी आपोआप वाढली तर, कारण डिझेल किंवा पाणी खाली उतरत असतं.

ट्रॅक्टरचं ऑइल रंगावर ठरवायचं नाही. तासांच्या मीटरवर ठरवायचं. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत २५० तास लिहिलेले असतात. आणि एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल धुळीच्या दिवसांत आधी पाहायचं, कारण रिंगा खाणारी माती तिथूनच शिरते.

झाकणाखालचं कूपन

आता आमच्या काउंटरच्या मागची गोष्ट. काही कंपन्यांच्या डब्यात मिस्त्रीसाठी कूपन असतं. ते जमा केलं की पैसे किंवा बक्षीस मिळतं. दुकानदाराला वेगळी स्कीम असते. त्या महिन्यात ज्या डब्यावर स्कीम मोठी, तो डबा जास्त 'चांगला' ठरतो. रिकाम्या डब्यालाही भाव असतो. धड झाकणाचा, न फाटलेला डबा कोणी जास्त पैशांत मागत असेल, तर तो पुन्हा सुट्या ऑइलने भरला जायची भीती असते. म्हणून आमच्याकडचे जुने, इमानी मिस्त्री ऑइल ओतून झालं की डब्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार घालतात.

निघालेलं जळकं ऑइल कोणी सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतं, कोणी वाळवीसाठी खांबाला, तर कोणी नाल्यात सोडतं आणि ते जाम नदीत पोचतं. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. गॅरेजवाल्याने ते पिंपात साठवून परवानाधारकालाच द्यावं.

हे सगळं पाहून माझं एकच म्हणणं आहे. आपल्याकडे पाटी असते, 'ऑइल घ्या, बदलून फुकट.' गुडघ्यावर बसून, तापलेल्या इंजिनाखाली हात घालून केलेलं काम फुकट, आणि वर सल्लाही फुकट. मग मिस्त्रीचं घर चालायचं कशावर? डब्यावर. म्हणून सल्ला डब्याकडे झुकतो. पुस्तिका कपाटातून काढून गाडीत ठेवा. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, नवा वायसर मागा, पातळी स्वतः पाहा. आणि बदलण्याची मजुरी न मागता, मोकळ्या हाताने द्या. ज्या मिस्त्रीला कामाचे पैसे मिळतात, त्याला "तुमचं ऑइल अजून चांगलं आहे, महिनाभराने या" असं म्हणणं परवडतं.