धुणीभांडी करणारी हिल्डा घराघरात कशी पोचली?



मालिकेच्या जाहिरातीत चेहरा असतो नायिकेचा. पण रोजची गोष्ट चालते ती शेजारीण, आत्या, दुकानदारीण, मोलकरीण यांच्यामुळे. या भूमिका करणाऱ्यांना चरित्र अभिनेते म्हणतात. त्यांचं वय झालं, केस पिकले, तरी काम थांबत नाही, कारण त्यांचं काम रूपावर उभं नसतं. इंग्लंडमधल्या अशाच एका अभिनेत्रीची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांचं नाव जीन अलेक्झांडर.

जीनबाईंचा जन्म १९२६ साली लिव्हरपूल या बंदराच्या शहरात, एका साध्या घरात झाला. आधी त्यांनी ग्रंथालयात नोकरी केली. १९४९ साली, तेविसाव्या वर्षी, त्या एका फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाल्या. तिथे नुसता अभिनय करून भागत नसे. कपडेपट सांभाळायचा, रंगमंचाची व्यवस्था बघायची आणि एक नाटक संपेपर्यंत दुसरं पाठ करायचं. लहान-मोठी, म्हातारी-तरणी, मिळेल ती भूमिका करायची. अशी कितीतरी वर्षं गेली. त्यांचं नाव देशाला माहीत झालं तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या.

ते घडलं 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेमुळे. ही मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. मँचेस्टरजवळच्या कामगार वस्तीतल्या एका गल्लीची ही गोष्ट. विटांची एकाला एक लागून घरं, कोपऱ्यावर एक पब, आणि गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. १९६४ साली या गल्लीत हिल्डा ऑग्डेन राहायला आली आणि जीनबाईंनी ती २३ वर्षं रंगवली.

हिल्डा पबमध्ये झाडलोट करायची, लोकांच्या घरची साफसफाई करायची. नवरा स्टॅन खिडक्यांच्या काचा पुसायचा, पण कामापेक्षा त्याचा जीव दारूच्या ग्लासात जास्त. घर चालायचं ते हिल्डाच्या कमाईवर. ती भोचक होती, भांडकुदळ होती, बेसूर आवाजात गात फरशी पुसायची. पण तिलाही हौस होती. तिने घरातल्या भिंतीवर भिंतभर निसर्गचित्र लावलं होतं आणि त्यावर प्लास्टरची तीन उडती बदकं. त्या चित्राचं इंग्रजी नाव तिला नीट म्हणता यायचं नाही, तरी आल्यागेल्याला ती ते अभिमानाने दाखवायची.

तिचा वेशही ठरलेला. अंगात कामाचा एप्रन, डोक्याला रुमाल, आणि रुमालाखाली केस कुरळे करायचे रोलर. हे जीनबाईंनी खऱ्या बायकांकडून घेतलं होतं. महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बायका केसांत रोलर तसेच ठेवून वर रुमाल बांधत. संध्याकाळी कुठे जायचं झालंच तर केस तयार हवेत! दिवसभराचे कष्ट आणि संध्याकाळची आशा, दोन्ही त्या रुमालात मावत होती. १९८२ साली ब्रिटनमध्ये सर्वांत ओळखीच्या स्त्रिया कोण, अशी पाहणी झाली. राजघराण्यातल्या तिघींच्या, म्हणजे राणी, राजमाता आणि डायना यांच्या, पाठोपाठ चौथा नंबर हिल्डाचा लागला.

१९८४ साली स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड यूअन्स वारले. मालिकेतही स्टॅनचा मृत्यू दाखवायचं ठरलं. अंत्यसंस्कारानंतर हिल्डा एकटी घरी येते. इस्पितळातून आलेलं नवऱ्याच्या वस्तूंचं पुडकं सोडते. त्यात त्याच्या चष्म्याची डबी निघते. ती उघडताच इतका वेळ आवरून धरलेलं रडू फुटतं. मोठे संवाद नाहीत, आक्रोश नाही. नवऱ्याला उठता-बसता बोलणारी बाई त्याच्यावर किती माया करत होती, हे त्या डबीने सांगितलं. या अभिनयासाठी १९८५ मध्ये जीनबाईंना रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला.

१९८७ साली त्यांनी स्वतःहून मालिका सोडली. नाताळच्या दिवशी हिल्डाने गल्लीचा निरोप घेतला. तो भाग, पुनःप्रक्षेपण धरून, अडीच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. फरशी पुसणाऱ्या एका बाईच्या निरोपाला एवढा समुदाय!

साठी ओलांडलेल्या जीनबाई तिथे थांबल्या नाहीत. 'लास्ट ऑफ द समर वाइन' या विनोदी मालिकेत त्या १९८८ मध्ये आंटी वेनराइट झाल्या. जुन्यापुराण्या सामानाचं दुकान चालवणारी ही चतुर म्हातारी कुणालाही रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही. राबणाऱ्या हिल्डाच्या अगदी उलट ही बाई. मालिका २०१० मध्ये संपली तेव्हा जीनबाई ८४ वर्षांच्या होत्या. २०१६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

हिल्डाला लोक हसले, पण तिला क्षुल्लक कुणी मानलं नाही. कारण जीनबाईंनी तिची थट्टा केली नाही. तिचे कष्ट, तिची हौस, तिचं दुःख त्यांनी मन लावून दाखवलं.

आता एक काम तुमच्याकडे. या आठवड्यात तुम्ही बघता त्या मालिकेतल्या कामवाल्या बाईकडे नीट लक्ष द्या. तिला नाव आहे का? तिचं घर कधी दाखवतात का? तिला कशाची हौस आहे? गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला, आणि काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.