कांदा आचेवर चढला की...

कांदा चिरला की पेशी फुटतात, ॲलिनेज हे विकर आतल्या गंधकयुक्त संयुगांवर तुटून पडतं आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. उष्णतेनं हे विकरच निकामी होतं. म्हणून निखाऱ्यात अख्खा भाजलेला कांदा गोड लागतो. त्यातली साखर वाढलेली नसते, तिला झाकणारा उग्रपणा गेलेला असतो.

क जीवनसत्त्व कच्च्या कांद्यातही 100 ग्रॅममागे जेमतेम 7 मिलिग्रॅम. शिजवल्यावर तेही घटतं. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये, लिंबाची फोड आहेच.

खरी दौलत क्वेर्सेटिनची. हे अँटिऑक्सिडंट बाहेरच्या पाकळ्यांत अधिक असतं, आणि लाल कांद्यात पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. बेताच्या आचेवर परतलं तर ते बरंचसं टिकतं. उकळताना मात्र पाण्यात उतरतं. रस्सा केला तर ते ताटात येतं, उकडून पाणी ओतून दिलं तर मोरीत जातं. काळपट होईस्तोवर तळलेल्या बिरिस्त्यात त्याचीही बरीच नासाडी होते.

तेव्हा सोलताना वरची वाळकी साल तेवढीच काढा, आणि पिठलं-भाकरीसोबतचा बुक्कीनं फोडलेला कांदा कच्चाच खा.