दानाचा अर्ज आणि वत्सगुल्माचा ताम्रपट

अक्षय्यतृतीया हे दानाचे महापर्व होय. या तिथीस दिलेले दान क्षय पावत नाही, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा. पाण्याने भरलेला घट, पंखा, छत्री, पादत्राणे अशी वैशाखाच्या उन्हास अनुरूप दाने आपल्याकडे पूर्वापार दिली जातात. आता दात्याचा हात घटाकडे जातो तसाच मोबाइलकडेही जातो. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाली आणि वाशीम, कारंजा वा रिसोड येथील भाविकास घरबसल्या देवस्थानास, गोशाळेस, अन्नछत्रास देणगी पाठविणे सुलभ झाले. परंतु पैसे पाठविणे जितके सुलभ, तितका दात्यापुढे उघडणारा अर्ज सुलभ असतोच असे नाही. आजचे आमचे निरूपण या अर्जाविषयी आहे.

अर्ज ही काही परकी वस्तू नव्हे. धर्मकृत्याच्या आरंभी आपण संकल्प उच्चारतो. त्यात देश, काल, कर्त्याचे नाव व गोत्र आणि कृत्याचा हेतू एवढेच येते. मग उदक सोडून ‘न मम’ म्हटले की दान पूर्ण झाले. दानास जे अवश्य ते सर्व त्यात आहे. अनवश्यक असे एकही अक्षर नाही.

दुसरा आदर्श तर आपल्याच भूमीतील आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे सापडलेल्या ताम्रपटात राजा दुसरा विंध्यशक्ती याने राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांस दिलेल्या गावाची नोंद आहे. गाव कोणते, ते कोणत्या भागात, घेणारे कोण, हे सारे त्यात स्पष्ट लिहिले आहे. विशेष हे की, राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. ज्यांचे आयुष्य संस्कृताच्या सेवेत गेले अशा आम्हांस यात मोठा बोध दिसतो. गौरव कोणत्याही भाषेत गावा. व्यवहार मात्र लोकांच्या भाषेतच असावा.

आता आजचे अनेक अर्ज पाहावेत. संस्थेचा महिमा मराठीत आणि रकाने मात्र इंग्रजीत, अशी नेमकी उलटी रीत तेथे आढळते. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय, शिवाय खाते उघडून पासवर्ड ठरविण्याचा आग्रह! कीर्तनाच्या शेवटी आरतीचे ताट फिरते तेव्हा कोणी कोणास व्यवसाय विचारीत नाही. हिशेबासाठी नाव व पत्ता घ्यावा, पावतीसाठी मोबाइल क्रमांक घ्यावा. जन्मतारखेचे देवस्थानास काय प्रयोजन?

पॅन क्रमांकाची गोष्ट निराळी. प्राप्तिकरात सवलत देणाऱ्या संस्थांनी दात्यांचे विवरण खात्याकडे पाठवून प्रमाणपत्र द्यावयाचे, ही पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आली. तेव्हा सवलत हवी असणाऱ्याकडून पॅन मागणे रास्तच. पण तो का हवा, हे त्याच रकान्याखाली एका वाक्यात सांगावे. ज्यास सवलत नको, त्याच्याकडून कायद्यास अवश्य तेवढेच घ्यावे.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांसाठीही एक प्रश्न हवा. भारतीय नागरिकत्व राखून तेथे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. तेथील नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र तशी ठरते, आणि ती स्वीकारण्यास संस्थेजवळ २०१० च्या कायद्यान्वये नोंदणी वा परवानगी लागते. म्हणून ‘कोठे राहता’ यापेक्षा ‘नागरिक कोठले’ हे विचारणे अधिक महत्त्वाचे.

विश्वासाचा प्रश्न याहून मोठा. पूर्वी ताम्रपटास राजमुद्रा जोडीत. आज संस्थेने आपले नोंदणीकृत नाव व सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक अर्जाच्या माथ्यावरच छापावा. क्यूआर कोड टिपताच पडद्यावर घेणाऱ्याचे नाव उमटते. ते या नावाशी जुळते की नाही, हे पाहूनच दात्याने पिन टाकावा. आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही घरातील वडीलधाऱ्यांस सांगून ठेवावे. देणगी पोहोचताच पावती जावी, आणि ती कोणत्या कार्यास लागेल हे पावतीवर असावे.

सर्वांत जपावयाचे ते लहान दात्यास. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद केले आहेत; ते देण्याच्या वृत्तीवरून व रीतीवरून, रकमेवरून नव्हे. अर्जावर पहिलाच आकडा ५०१ चा असेल, तर अकरा रुपये देऊ पाहणारी मजूर बाई ओशाळून मागे फिरते. म्हणून इच्छेनुसार रक्कम लिहिण्याचा रकाना सर्वांत वर असावा. ‘दरमहा द्या’ या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे तर सर्वथा अनुचित होय. न कळत घेतलेले ते दानच नव्हे. कारण दानाचा प्राण दात्याचा संकल्प आहे.

विश्वस्त मंडळींनी एवढे तरी करावे. आपल्या संस्थेचा अर्ज गावातील एखाद्या वृद्ध माउलीच्या हाती द्यावा आणि काही न सांगता शेजारी बसावे. ती जेथे अडखळेल तेथे अर्ज सुधारावा. जेथे घाबरेल तेथे दोन शब्द धीराचे लिहावेत. जो प्रश्न तिला निरर्थक वाटेल तो निःशंकपणे खोडावा. द्यावयास निघालेला हात दारातून रिता परतू नये, हीच खरी दानशाळेची शोभा.