एल्फिन्स्टन : एक खेडें आणि एक आडनांव

आमच्या उमरीचा एखादा गृहस्थ कामधंद्यासाठीं पुण्यास जाऊन राहिला, म्हणजे एकदोन पिढ्यांत त्याचें घराणें 'उमरीकर' होऊन जातें. गांवांत असेपर्यंत त्यास कोणी उमरीकर म्हणत नाहीं. गांव सुटला म्हणजे तो नांवामागें येऊन बसतो. बरें, उमरी तरी एकच आहे काय? नांदेड जिल्ह्यांतली, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरची ती आमची; दुसरी अकोल्यास लागून; विदर्भांत आणखीही आहेत. तेव्हां दोन उमरीकर भेटले, तर ते भाऊबंद असतीलच असें नाहीं. ही साधी गोष्ट मला ठाऊक होती. पण वर्गांत इतिहास शिकवितांना मी ती विसरलों.

मुंबईचें एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन या दोहोंस पेशवाई बुडविणाऱ्या एल्फिन्स्टनचें नांव दिलें आहे, असें मी सातवीच्या मुलांना कित्येक वर्षें बेधडक सांगत आलों. एके दिवशीं मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पण एल्फिन्स्टन तर काबूलच्या लढाईंत कैद होऊन मेला, असें मीं वाचलें आहे." मी त्यास खालीं बसविलें. रात्रीं पुस्तकें काढलीं, आणि आम्ही दोघेही चुकलों आहोंत असें ध्यानांत आलें.

स्कॉटलंडमध्यें एडिंबरो शहराच्या पूर्वेस ट्रानेंट गांवाजवळ एल्फिन्स्टन नांवाचें खेडें आहे. शेवटचा 'स्टन' ऐकून धोंडा मनांत येतो; पण मूळ शब्द 'टून', म्हणजे वस्ती, आपल्या 'वाडी'सारखा. या खेड्यावरून घराण्यास नांव पडलें. आपल्या 'कर' प्रत्ययासारखें कांहीं त्यांच्याकडे लागलें नाहीं. गांवाचें नांव तेंच माणसाचें झालें. घोंटाळ्याचें निम्में मूळ येथेंच आहे.

याच घराण्यांतला माउंटस्टुअर्ट हा १७७९ सालीं जन्मला. १८०९ मध्यें तो काबूलच्या शहा शुजाकडे वकील म्हणून गेला, आणि पेशावरास त्याची भेट घेऊन आला. १८११ पासून तो पुण्यास रेसिडेंट होता. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई त्याच्याच वेळची. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. तो निघाला तेव्हां मुंबईच्या लोकांनीं दोन लाखांहून अधिक रुपये शिक्षणासाठीं जमविले, आणि त्या निधींतून पुढें कॉलेज उभें राहिलें. रानडे, भांडारकर, आंबेडकर तेथेंच शिकले. ज्यानें राज्य घेतलें त्याच्या नांवच्या कॉलेजांतून अशीं माणसें निघावीं, याचें मला अजून नवल वाटतें.

काबूलचा एल्फिन्स्टन तो नव्हे. तो त्याचा चुलत भाऊ, जनरल विल्यम. जानेवारी १८४२ मध्यें काबूलहून माघार घेणाऱ्या सुमारें सोळा हजार लोकांचा, शिपाई आणि बाजारबुणगे मिळून, बर्फांत व डोंगरांत धुव्वा उडाला, तेव्हां सेनापति हा होता. त्याच वर्षीं एप्रिलांत तो अफगाणांच्या कैदेंत वारला. ज्या काबूलवर एका भावानें नामांकित ग्रंथ लिहिला, तेथेंच दुसऱ्याची अपकीर्ति झाली. मुलानें दोघांचा एक केला यांत त्याचा दोष तो काय?

आणि स्टेशनचा एल्फिन्स्टन तिसराच! तो माउंटस्टुअर्टचा पुतण्या, लॉर्ड जॉन. १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्या वेळचा. मुंबईच्या कोटांतील एल्फिन्स्टन सर्कलही त्याच्याच नांवाचें होतें. स्वातंत्र्यानंतर त्यास हॉर्निमन यांचें नांव मिळालें. ते इंग्रज असूनही आपल्या बाजूनें लिहिणारे संपादक.

घरांतला एक चुलता आरमारांत होता, जॉर्ज कीथ. त्यानें १७९५ सालीं केप घेण्याच्या मोहिमेंत आरमार चालविलें. खलाशांमुळेंच हें नांव दूरवर गेलें असावें. कॅनडांत व्हँकूवरच्या वायव्येस माउंट एल्फिन्स्टन आहे, तो १७९४ च्या एका सागरी युद्धांतील कप्तान जॉन एल्फिन्स्टन याच्या नांवाचा. ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया प्रांतांत एल्फिन्स्टन गांव आहे. इजिप्तच्या किनाऱ्यास तांबड्या समुद्रांत त्याच नांवाचा प्रवाळाचा खडक आहे. ओमानच्या मुसंदम भागांत जी एल्फिन्स्टन खाडी म्हणून नकाशांवर आली, तिच्यांतील एका बेटावर १८६४ च्या सुमारास हिंदुस्थान व विलायत जोडणाऱ्या तारेचें ठाणें होतें. नकाशावर पर्वत, गांव, खडक आणि खाडी एकाच अक्षरांनीं लिहिलेलीं. कोण कोणाचा, हें नांवावरून कळत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यावर त्या घराण्याची वंशावळ काढली आणि आधीं माझी चूक सांगितली. तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, मागच्या वर्षींच्या मुलांना कोण सांगणार?" त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. पुढें २०१७ च्या सप्टेंबरांत त्या स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसाहून अधिक माणसें गेलीं, आणि २०१८ मध्यें पाटीवर प्रभादेवी हें नांव आलें. आतां त्या स्टेशनवरून कोणी मुलगा मला असा प्रश्न विचारणार नाहीं. मागच्या वर्षांच्या त्या मुलांपैकीं कोणी आज ऐकत असेल, तर त्यानें वहींतील तें वाक्य खोडावें : कॉलेज चुलत्याचें, स्टेशन पुतण्याचें.